एका बोटाची टकटक

म्हाताऱ्यानं चहा ओतला आणि माझ्या बायकोनं टेबलावर एकाच बोटानं टकटक केली. दोनदा. टेबलावर जाड पांढरं कापड होतं, त्यामुळे आवाज असा झालाच नसणार, पण मला तो ऐकू आला. मी तेव्हा कोळंबी भरून वाफवलेलं डिमसम तोंडात टाकलेलं होतं आणि ते इतकं गरम होतं, की डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्यातूनही मी मोजलं. एकच बोट. मोजणार नाही तर काय करणार? वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हातांकडे बघून पोट भरतो आहे. आधी कॅसिनोत स्वतः पत्ते वाटायचो, आता चार टेबलांमागे उभा राहून वाटणाऱ्यांचे हात बघतो. कुणाची करंगळी उगाच आत वळली, कुणाचा अंगठा पत्त्याखाली क्षणभर जास्त राहिला, हे मला मागून दिसतं. आणि इथे तर मी समोर बसलो होतो.

आमच्याकडे कुणी चहा ओतला तर तोंडानं आभार मानत नाहीत. गप्पा चालू असतात, त्या कशाला तोडायच्या? बोटं वाकवून टेबलावर दोनदा टेकवायची, झालं. लग्न झालेल्यांनी दोन बोटं टेकवायची, जोडीनं. न झालेल्यांनी एक. आता हे सगळेच पाळतात असं नाही, मकावमधल्या निम्म्या लोकांना तर हे ठाऊकही नसेल. पण माझी आई हे कायदा असल्यासारखं पाळायची आणि माझ्या बायकोची, लानची, आईही तशीच. बावीस वर्षांपूर्वी दोघींनी मिळून आम्हा दोघांना बाजाराजवळच्या एका जुन्या चहाघरात समोरासमोर बसवलं, तेव्हा मी लानच्या पेल्यात चहा ओतला होता. निम्मा चहा बशीत गेला होता. तिनं मान वर केली नाही. फक्त एक बोट टेबलावर दोनदा टेकवलं. त्या बोटाचं नख कुरतडलेलं होतं. मला तिचा चेहरा नंतर आवडला, आधी ते बोट आवडलं. लग्नाच्या जेवणात माझ्या काकानं तिच्यासाठी चहा ओतला आणि ती सवयीनं एकाच बोटानं ठोकायला गेली, तेव्हा सगळ्या मावश्या ओरडल्या, “अगं ए! अजून एकटीच आहेस का?” ती लालबुंद झाली. मग तिनं मधलं बोट हळूच पुढे सरकवलं, पहिल्याला चिकटवून ठेवलं आणि दोन्ही बोटं मिळून ठोकली. ते दुसरं बोट माझं, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं. कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. पण बावीस वर्षं मी त्या बोटाला माझं समजत आलो आहे.

आणि आज ते बोट नव्हतं. तिनं ते तळहातात आत दुमडून घेतलं होतं, कुणी बघू नये म्हणून दुमडावं तसं.

खरं तर इथे येऊन जेवायचं तिच्या मनातच नव्हतं. हॉटेलात पंधरा वर्षं भरली की व्यवस्थापनाकडून एक पत्र येतं, खाली सोनेरी शाईतली सही, आणि त्यात लिहिलेलं असतं की आपण जोडीदारासह आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भोजनगृहात दुपारचं जेवण घ्यावं. तिसरा मजला म्हणजे लानचा मजला. मी खाली जुगाराच्या हॉलमध्ये, ती वर चहाच्या किटल्या घेऊन. एकाच इमारतीत अकरा वर्षं काम करून मी तिसरा मजला कधी पाहिला नव्हता. आमची लिफ्ट मागची, आमचं जेवण तळघरात, पत्र्याच्या ताटात. ती वर काय करते, कुणाशी बोलते, कशी चालते, यातलं मला काही माहीत नव्हतं. मी पत्र आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं, तर तिनं ते वाचून उलटं करून ठेवलं.

“दुसरीकडे कुठे जाता येत नाही का?” ती म्हणाली.

“तिसऱ्या मजल्याचंच लिहिलंय.”

“मग तू तुझ्या बहिणीला घेऊन जा.”

“जोडीदार लिहिलंय तिथे. बहीण नाही.”

“अरे वा, मी तिथे बसू कशी? माझ्याच मैत्रिणी मला वाढणार. मला घास गिळवेल का?”

‘वा’ हे माझंच नाव. खाम-वा. ती ‘अरे वा’ म्हणते, तेव्हा कौतुक करते आहे की नुसती हाक मारते आहे, हे मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र मला दोन्हीपैकी काहीच वाटलं नाही. मला वाटलं, ही मला तिथे येऊ देत नाही. तिथे काहीतरी आहे. माणसाच्या मनात असा एक किडा शिरला की तो आधीच्या सगळ्या गोष्टी पोखरत मागे मागे जातो. मला आठवायला लागलं की सहा-सात महिने झाले, ती झोपताना उजवा हात उशीखाली घालून झोपते. आधी तो हात माझ्या अंगावर असायचा, जड, झोपेत मूठ वळणारा, आणि मी तक्रार करायचो. आता मी तक्रार करत नव्हतो, पण हात नव्हता. आणि तो वास. तिच्या पिशवीत, तिच्या उशीला, कधी तिच्या केसांना एक कडवट, कापरासारखा, औषधी तेलाचा वास. मी एकदा पिशवी चाळली, ते कबूल करतो. आत एक तपकिरी बाटली होती, लेबल नसलेली, बूच कागदात गुंडाळून बसवलेलं. दुकानातली नव्हती. कुणीतरी हातानं भरून दिलेली होती. मी ती हुंगली, जागच्या जागी ठेवली आणि चार दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिनं विचारलंही नाही की का बोलत नाहीस. त्याचाही मला राग आला.

म्हणून मी हट्टाला पेटलो. तिसऱ्या मजल्यावरच जेवायचं. “पंधरा वर्षं उभं राहून पाय सुजवलेत मी,” मी म्हटलं, “एक दिवस मला वर बसून खाऊ दे.”  जायच्या दिवशी सकाळी तिनं निळा पोशाख घातला, लांब बाह्यांचा. फाय ची केयच्या आमच्या घरून बसनं येताना ती खिडकीबाहेर बघत होती आणि उजवा हात तिच्या मांडीवर पिशवीखाली होता.

आता वर बसल्यावर मला सगळ्यात पहिलं काय खुपलं ते सांगतो. लान तिथे सुंदर दिसत होती. म्हणजे घरी दिसत नाही असं नाही, पण घरी ती चपला ओढत चालते, थर्मासकडे बोट दाखवून “घे ओतून” म्हणते आणि टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलक्या घेते. इथे ती दारातून आत आली आणि तिची पाठ ताठ झाली. टेबलापाशी येताच तिनं नकळत कापडाची एक सुरकुती हातानं सरळ केली, मग भानावर येऊन बसली. चारही बाजूंनी हाका सुरू झाल्या. “लानताई! आज ताई गिऱ्हाईक!” “ताई, पाठ टेकून बसा की, आज कोण रागावणार आहे!” मेई-सान नावाची एक धिप्पाड बाई, लानच्याच वयाची, कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. “हे भावोजी होय? आम्हाला वाटलं होतं, ताईनं मनातून रचलेले आहेत. अकरा वर्षांत दर्शन नाही!” सगळ्या हसल्या. लानही हसली. असं हसू मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, दात दिसेपर्यंत. ते तिनं रोज इथे आणून खर्च केलं होतं आणि घरी रिकाम्या हातानं आली होती. मला या खुर्च्यांचा हेवा वाटला. छताला टांगलेल्या काचेच्या दिव्यांचा वाटला. अकरा वर्षं या लोकांना माझी बायको मिळाली होती आणि मला तिची झोप.

त्यात मी एक मूर्खपणा केला. आमच्या साध्या चहाघरांत पहिला चहा आला की तो पिण्याआधी आपापली वाटी, चमचा, जेवायच्या काड्या त्या गरम चहानं विसळतात आणि पाणी मधल्या भांड्यात ओतून देतात. मी लहानपणापासून करत आलो आहे, हात आपोआप चालतात. किटली आली तशी मी वाटीत चहा ओतला, काड्या बुडवल्या, गरगरा फिरवल्या आणि पाणी टाकायला भांडं शोधू लागलो. भांडं नव्हतं. इथे वाट्या कुणी विसळत नाही. मेई-सान तोंडावर हात दाबून उभी होती.

“भावोजी, आमची भांडी घाण वाटली का हो?”

“ठेव ते खाली,” लान हळूच म्हणाली. “अरे, इथे नको विसळूस.”

“मला काय माहीत? मला इथे कधी कुणी आणलंय?”

हे मी जरा मोठ्यानं बोललो. पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं वळून बघितलं. लाननं माझ्या हातातली वाटी डाव्या हातानं काढून घेतली आणि मेई-सानला दिली. डाव्या हातानं, हे मी बघितलं, पण तेव्हा त्याचं काही केलं नाही. हात बघणाऱ्या माणसाचं असं होतं. तो चोरी शोधत असतो. चोरी नसेल तर त्याला दिसलेलं फुकट जातं.

डिमसमच्या टोपल्या आल्या, कुरकुरीत सालीचं भाजलेलं डुक्कर आलं, शेवंती घातलेला काळा चहा नव्या किटलीत आला. किटल्या लोखंडाच्या होत्या, काळ्या, अंगावर खरखरीत फुलं कोरलेल्या, दिसायला देखण्या. लान सगळं चमच्यानं खात होती. टोपलीतल्या घसरड्या गोष्टी चमच्यानं उचलताना तिची तारांबळ उडत होती. मी म्हटलं, “इथल्या बायका काड्या धरत नाहीत वाटतं, मोठ्या लोकांत बसून?” ती म्हणाली, “खा रे गपचूप.” जेवण चांगलं होतं. हे सांगायला मला आवडत नाही. कोळंबी इतकी ताजी होती की दाताखाली तिचा आवाज येत होता. आणि मला वाटत होतं की ही चव ती रोज हुंगते, दुसऱ्यांपुढे ठेवते, तिला ही नावं, हे मसाले, हे सगळं पाठ आहे, आणि घरी मला शेवया उकडून देते.

तेवढ्यात तो म्हातारा आला. मी त्याला ओळखत होतो. म्हणजे त्याचे हात ओळखत होतो. कुओक नावाचा, पंचाहत्तरीच्या आसपासचा. रोज सकाळी तासभर खाली माझ्या टेबलांवर बसतो, थोडंसंच लावतो आणि पत्ता उघडताना इतका हळूहळू वाकवून उघडतो, की बाकीच्यांचा जीव टांगणीला लागतो. त्याचे अंगठे जाड, चपटे, नखं अगदी आत कापलेली. त्याच्या हातांतून कधी काही सरकलं नाही म्हणून मी त्याला कधी महत्त्व दिलं नाही. तासाभरानं उठतो, पेपर काखेत मारून लिफ्टकडे जातो. लिफ्टनं वर कुठे जातो, याचा विचार मी केला नव्हता. तो वर माझ्या बायकोकडे जात होता.

तो आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाला होता, पण लानला बसलेली बघून थांबला, तोंडभर हसला आणि सरळ आमच्यापाशी आला. “आज पोरगी बसली आहे!” तो म्हणाला. “बस, बस, उठू नकोस. आज मी ओतणार.” आणि त्यानं ती लोखंडी किटली उचलून तिच्या पेल्यात चहा ओतला. मग माझ्या. पेला काठोकाठ नाही, दहातले सात हिस्से, नीट, जसा ओतायला हवा तसा. आणि तो वाकला तेव्हा मला वास आला. कडवट. कापरासारखा. त्याच्या बाह्यांतून, त्याच्या बोटांतून. माझ्या उशीवरचा वास. डिमसमनं माझी जीभ पोळली होती, ती मी तशीच पोळू दिली. आणि लाननं एका बोटानं टकटक केली.

इथून मी सुरू केलं होतं. पण तो लगेच गेला नाही, हे सांगायचं राहिलं. तो वाकूनच खालच्या आवाजात म्हणाला, “झोपायच्या आधी विसरत नाहीस ना?”

“नाही काका.”

“आणि जोर द्यायचा नाही, सांगून ठेवतो. याला सांगितलंस?”

लाननं मान हलवली. नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येत नाही, पण ज्या टेबलावर आज काही जिंकता येणार नाही त्या टेबलाकडे लोक असं बघतात. मग तो आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्यानं पेपर उघडला. मी माझ्या पेल्यापुढे टकटक केली नव्हती. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मला जे वाटलं ते मी साफ सांगतो. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा, मानेवर डाग पडलेला, आणि मला त्याचा मत्सर वाटला. माझं मन म्हणत होतं, मूर्खा, जरा वय बघ त्याचं. पण मत्सर वय बघत नाही. त्याला लानचं काहीतरी माहीत होतं आणि मला नव्हतं. झोपायच्या आधी. माझ्या घरात, माझ्या अंथरुणावर, झोपायच्या आधी लान काहीतरी करत होती आणि ते त्याच्या सांगण्यावरून करत होती, आणि मी शेजारी घोरत होतो. मी मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं. इथे तिनं लग्न झाल्याचं लपवलं असणार. मेई-सान काय म्हणाली? ताईनं मनातून रचलेले. म्हणजे इथे मी नाहीच. इथे एका बोटाची लान आहे, हसणारी, ताठ पाठीची, जिला म्हातारे चहा ओतून देतात. माझ्या वाट्याला आली ती दुसरी.

वाफवलेला मासा आला, वर आलं आणि पातीचा कांदा, कडेनं गरम तेल अजून चुरचुरत होतं. मेई-साननं माशाचं तोंड माझ्याकडे करून ठेवलं, पाहुण्याच्या मानाचं. लान म्हणाली, “घे ना.” मी काड्या खाली ठेवल्या.

“एकच बोट का?”

“काय?”

“म्हाताऱ्यानं चहा ओतला, तेव्हा. एका बोटानं ठोकलंस.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. ते हसू बघून मी पेटलो.

“हसू नकोस. आपल्या आयांनी काय शिकवलंय? इथे तुझं लग्न झालेलं नाही का?”

“अरे वा...”

“इथे लोकांना काय सांगून ठेवलंयस? मी कोण आहे इथे? आणि तो म्हातारा तुझ्या झोपेची चौकशी का करतो? मी बाटली बघितली आहे, लान. मला सगळ्याचा वास येतो.”

तिचं हसू गेलं. मेई-सान दोन पावलांवर उभी होती. तिनं पाठ फिरवली, पण दूर गेली नाही.  लाननं चमचा बशीत ठेवला. डावी बाही मागे सारली, उजवी बाही मागे सारली, दोन्ही हात टेबलावर माझ्यापुढे आणले, तळवे एकमेकांवर हलकेच आपटले, मग उघडून पालथे केले आणि पुन्हा उताणे.

हे आमच्या धंद्यातलं आहे. पत्ते वाटणारा टेबल सोडतो, तेव्हा वरच्या कॅमेऱ्याला दोन्ही हात असे दाखवून जातो, की बघा, माझ्या हातात काही नाही. हे तिला मीच शिकवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझी पत्ते वाटण्याची परीक्षा होती आणि आमच्याकडे टेबल नव्हतं. आम्ही पलंगावर चादर ताणून खेळायचो. ती गिऱ्हाईक व्हायची, मोठमोठ्या रकमा लावायची, हरली की उशी फेकायची. कधी ती डीलर व्हायची आणि शेवटी असे हात दाखवायची, तळवे आपटून, भुवया उंचावून, आणि म्हणायची, “घ्या साहेब, झडती घ्या.” आणि मी झडती घ्यायचो. इतक्या वर्षांत तिनं ते पुन्हा केलं नव्हतं. आता तिच्या भुवया उंचावल्या नव्हत्या.

दोन्ही हात उताणे होते. डाव्याची पाचही बोटं सरळ. उजव्याची चार. मधलं बोट तळव्याकडे वाकलेलं तसंच राहिलं होतं, उघडलंच नव्हतं. त्याच्या मुळाशी तळव्यावर एक गाठ आलेली, लालसर, तेलानं चकाकणारी.

“घ्या साहेब,” ती म्हणाली. “झडती घ्या.”

मी त्या गाठीकडे बोट दाखवलं.

“अडकतं ते,” ती खालच्या आवाजात सांगू लागली. “सकाळी तर उघडतच नाही. दोन वर्षांपूर्वी या किटल्या आल्या ना, लोखंडाच्या, तेव्हापासून थोडं थोडं दुखायचं. नव्या वर्षानंतर अडकायला लागलं. कुओक काका हाडवैद्य होते, चाळीस वर्षं. मी किटली उचलली आणि त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. तेल घरी करतात ते. त्यांच्या बायकोलाही असंच व्हायचं.”

“नव्या वर्षानंतर,” मी म्हटलं. “म्हणजे आठ महिने.”

“आठ.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“वरच्या साहेबांना कळलं तर मला इथून काढून चादरींच्या खोलीत पाठवतील. घड्या घालायला. तिथे खिडकीसुद्धा नाही. या सगळ्या माझ्या किटल्या उचलतात म्हणून मी टिकले आहे. मेई-सान तर निम्मी टेबलं माझी करते.”

“मी काय वर जाऊन सांगणार होतो?”

“तसं नाही.” तिनं हात मांडीवर घेतले. “तू दिवसभर लोकांचे हात बघून दमून येतोस. म्हटलं, घरी तरी कुणाचे हात बघायला लागू नयेत.”

हे ती प्रेमानं म्हणाली की टोमणा मारला, हेही मला कळलं नाही. तिच्या आवाजात दोन्हीला जागा होती. मला हायसं वाटायला हवं होतं. बायको माझीच होती, म्हातारा हाडवैद्य होता, वास तेलाचा होता, सगळं चोख. पण हायसं वाटलं नाही. उलट मघाचा मत्सर निदान एकाच म्हाताऱ्याचा होता, आता तो अख्ख्या मजल्याचा झाला. या मेई-सानला माहीत होतं. त्या कोपऱ्यातल्या पोरीला, दारातल्या माणसाला, सगळ्यांना माहीत होतं की लानताईचं बोट अडकतं, आणि ते सगळे मिळून तिच्या किटल्या उचलत होते, आठ महिने. बरणीचं झाकण तू उघड, असं ती म्हणायची, तेव्हा मला वाटायचं हिला माझा कंटाळा आला. उशीखालचा हात, चमचा, डावा हात, निळ्या पोशाखाच्या लांब बाह्या. सगळं माझ्यासमोर होतं. खाली चार टेबलांवरची चाळीस बोटं मला मागून दिसतात आणि माझ्या अंथरुणातलं एक दिसलं नाही. आणि तेही कुठलं? जे मी बावीस वर्षं माझं म्हणून मिरवत होतो, मनातल्या मनात का होईना. ते दुखत होतं आणि दुसराच एक माणूस त्याला तेल देत होता.

तिचा पेला अर्धा झाला होता. मी किटली उचलली. नाही म्हटलं तरी हाताला हिसका बसला, इतकी ती जड होती. देखणी किटली म्हणून मघाशी मी तिच्याकडे बघत बसलो होतो. अशा दिवसाला किती उचलतेस, हा प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला आणि मी तो गिळला. मी लानच्या पेल्यात चहा ओतला. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा, मला वाटतं. घरी आम्ही थर्मासमधून आपापला ओतून घेतो. याही वेळी थोडा चहा बशीत गेला.

मी किटली खाली ठेवायची विसरलो. ती आता काय करते, हे बघत मी ती तशीच धरून उभा राहिलो, हो, मी उभा राहिलो होतो. एका बोटानं ठोकेल, असं वाटलं. एका बोटानं ठोकलं तरी चालेल, असं मी स्वतःला बजावलं. लाननं उजवा हात टेबलावर ठेवला. मग डाव्या हातानं ते वाकलेलं बोट धरलं आणि वर ओढलं. कट् असा आवाज आला. तो मात्र खरोखर आला, मेई-साननंही ऐकला, कारण ती “अगं बाई” म्हणाली. लानच्या तोंडाचा एका बाजूचा कोपरा वाकडा झाला. तिनं ते बोट आणून पहिल्या बोटाला चिकटवलं, डाव्या हातानं दाबून धरलं, पुन्हा मिटू नये म्हणून, आणि दोन्ही बोटांनी कापडावर ठोकलं. टक टक.

“झालं समाधान?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आता बस खाली. मासा गार होतोय.”

मी बसलो. माशाच्या गालाचा तुकडा काढून तिच्या चमच्यात घातला. मला रडू येईल असं वाटत होतं. पण तेवढ्यातही मी चोरून कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघून घेतलं. म्हाताऱ्यानं पेपर तोंडासमोर धरला होता. ती दोन बोटं त्यानं बघायला हवी होती, असं मला फार वाटलं.